सुंदराबाईंच्या चोपन्न पायऱ्या

सकाळचे साडेसात झाले होते. ओट्यावर अकरा डबे तोंडं वासून बसले होते. नऊ भरून झाले होते आणि पथ्याच्या दोघांची बिनतिखटाची दुधी अजून कढईत होती. सुंदराबाईंचा एक हात कणकेत, दुसरा गॅसच्या बटणावर. लेक संघमित्रा, घरातल्यांची मित्रा, शाळेत शिकवायला जाऊन अर्धा तास झाला होता. भिवाभाऊ, म्हणजे सुंदराबाईंचा नवरा, शिवडीच्या गोदामातली नोकरी संपवून घरी बसल्यापासून भाजी चिरायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. ते कोबी इतका सावकाश चिरत की जणू संध्याकाळी तो परत जोडून द्यायचा होता.

तेवढ्यात दार वाजलं.

लालबागच्या त्या चाळीत दार वाजवायची पद्धत नव्हती. दारं दिवसभर उघडीच. येणारं माणूस गॅलरीतूनच बोलत बोलत आत शिरायचं. उघड्या दारावर बोटांनी टकटक करणारा म्हणजे परका.

"मतदारयादीवाले असतील," भिवाभाऊ न उठता म्हणाले.

दारात तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, कपाळाला घाम, छाती धपापलेली.

"संघमित्राचं घर हेच ना? मी डॉक्टर अनुजा. हॉस्पिटलातून आले."

सुंदराबाईंचा कणकेतला हात तिथेच राहिला. "मित्राला काय झालं?"

"काही नाही मावशी, काहीसुद्धा नाही. ती ठीक आहे. मी तुम्हाला भेटायला आले."

सुंदराबाईंनी श्वास सोडला, हात धुतला, खुर्चीवरची कोथिंबीर उचलली आणि तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सत्ताविसाव्या पायरीवर थांबलात. लिफ्टची सवय दिसते."

अनुजाचा ग्लास ओठांशीच थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतं की."

"मावशी," ती म्हणाली, "मी त्यासाठीच आले."

आता ही पायऱ्यांची गोष्ट काय, ते सांगायला हवं.

सुंदराबाई सातवी शिकलेल्या. लग्न होऊन साताऱ्याकडून लालबागला आल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या या दीड खोलीत. मित्रा झाली आणि आठव्या महिन्यात हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखी पिवळी दिसू लागली. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि त्यांनी थॅलेसेमिया मेजर हे नाव सांगितलं. या पोरीच्या अंगात नीट रक्त तयारच होत नाही, दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागेल, जन्मभर. शिवाय त्या प्रत्येक पिशवीतून लोखंड अंगात येतं ते आपणहून बाहेर जात नाही, काळजात आणि यकृतात साठतं, त्याचंही वेगळं औषध. तेव्हाच्या डॉक्टरांनी भिवाभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, दहा-बारा वर्षं धरून चला.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं." सगळ्या नजरा सुंदराबाईंकडे वळल्या. पण डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचंही रक्त तपासलं होतं. दोघांच्याही रक्तात या रोगाचा अर्धा अर्धा वाटा. एकट्याचा अर्धा वाटा त्रास देत नाही. दोन अर्धे एका पोरात भेटले की दुखणं पुरं होतं. भिवाभाऊंनी तो कागद आईपुढे ठेवला. "आई, ह्यातलं अर्धं माझं आहे. आता परत हा विषय नको." आणि खरंच, त्या घरात तो विषय परत निघाला नाही. सुंदराबाई आजही कुणी नवऱ्याबद्दल विचारलं की ही एवढीच गोष्ट सांगतात.

सहा वर्षांची होईपर्यंत मित्रा कडेवरून जिना चढली. मग एके दिवशी खाली उभी राहून म्हणाली, "मी चालणार." सुंदराबाईंच्या शेगडीवर डबे होते, रोज खाली उतरणं जमायचं नाही. पण स्वयंपाकाची जागा जिन्याच्या भिंतीला लागून. लाकडी जिना, तीन मजले, मजल्याला अठरा पायऱ्या. पोर चढायला लागली की पोळी लाटता लाटता त्या मोजायच्या. रक्त चढवल्यावर पहिले काही दिवस चोपन्नच्या चोपन्न पायऱ्या एका दमात. मग हळूहळू कुठेतरी पाऊल थांबायचं. आधी छत्तिसावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणाला. मग अठरावर. शेवटच्या दिवसांत नवव्याच पायरीला, आणि तिथे नुसतं थांबणं नाही, बसणं.

भिंतीवर कॅलेंडर होतंच. कोणाचा डबा कधी नको, सिलिंडर कधी लावला, सगळं त्याच्या चौकटींत. त्यातच खाली कोपऱ्यात एक आकडा पडू लागला. ५४. ५४. ३६. १८. रक्ताच्या दिवशी लाल पेनाचा ठिपका. डब्यांच्या हिशोबातला आकडा असेल म्हणून कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नाही. दुधाचा खाडा लिहितात तसं ते लिहिणं होतं. सव्वीस वर्षं झाली.

दहा-बारा वर्षं धरून चला म्हणालेल्यांना खोटं पाडून मित्रा शिकली, बीएस्सी झाली, बीएड झाली. आता बत्तिशीची, उंचीला नववीतल्या मुलींएवढी, आणि दादरच्या एका शाळेत त्याच नववीला विज्ञान शिकवते. नववीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. चार आठवड्यांनी एकदा तिला रक्त मिळायचं, तीन पिशव्या. पण तिसरा आठवडा सरला की तिचे पाय जड व्हायचे आणि चौथ्या आठवड्यात दोन-तीन रजा ठरलेल्या. अनुजा आली त्याच जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी तिला बोलावून गोडीत सांगितलं होतं, "हे वर्ष बघू. नाही जमलं तर पुढच्या जूनपासून तू खाली लायब्ररीत ये. तुझ्याच तब्येतीसाठी म्हणतेय."

मित्रा घरी येऊन जेवली नाही. तिला लायब्ररी नको होती. तिला तिची ती चाळीस वांड पोरं हवी होती.

उपाय सुंदराबाईंना दिसत होता. अठ्ठावीस दिवसांऐवजी एकवीस दिवसांनी रक्त द्यायचं, तीनऐवजी दोन पिशव्या. पाय जड व्हायच्या आतच. त्यांनी वॉर्डात विचारलंही होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "आजी, हिची तक्रार काहीच नाहीये. मग तारीख कशाच्या आधारावर बदलू?"

तर अशा घरात अनुजा येऊन बसली होती. गिरगावातल्या डॉक्टरांच्या घरातली, पण समोर दिलेला चहा बशीत ओतून प्यायली, त्यामुळे भिवाभाऊंना लगेच आवडली.

"आमच्याकडे रक्ताच्या दिवसाचा हिमोग्लोबिनचा आकडा असतो," ती सांगू लागली. "पण मधले सत्तावीस दिवस पेशंटचं काय होतं, ते कोणाच्याच फाइलीत नाही. मला ते शोधायचंय. विचारलं तर सगळे म्हणतात, बरा आहे, बरी आहे. संघमित्रापण तेच म्हणाली. मग मी उठायला लागले तेव्हा ती हळूच म्हणाली, खरं हवं असेल तर आईला विचारा, ती पायऱ्या मोजते."

सुंदराबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरातले कोपऱ्यातले आकडे दाखवले, मागची कॅलेंडरंही ठेवलीत म्हणाल्या. "पण असेच एकदा दोघं आले होते," त्या पुढे म्हणाल्या. "चार नळ्या भरून रक्त नेलं पोरीचं. पुढे काय निघालं, आजतागायत कळलं नाही."

"मी नळ्या नाही नेणार. कॅलेंडरांचे फोटो काढीन, इथेच बसून. आणि संघमित्रा हो म्हणाली तरच. जे निघेल ते आधी इथे येऊन सांगेन."

"कॅलेंडरं?" भिवाभाऊंनी सुरी खाली ठेवली. "डॉक्टर, रद्दीवाला दर महिन्याला मागतो ती. दिली असती तर तुमचं संशोधन आतापर्यंत भेळेखाली गेलं असतं."

पण खरी अडचण पुढेच होती. पत्र्याच्या ट्रंकेत एकोणीस वर्षांची कॅलेंडरं निघाली. बाकीची सात संसारात कामाला लागली होती. पुढचे आठ दिवस ते घर उपसलं जात होतं. मांडणीवरचे डबे उतरवले तर हरभऱ्याच्या डाळीखाली एक मार्च-एप्रिल निघाला, तेलाने पारदर्शक झालेला. मित्राच्या आठवीच्या पुस्तकांना कव्हरं म्हणून अख्खा पावसाळा चिकटवलेला होता. शेजारच्या गंगुबाई स्वतःच्या फडताळातून तीन पानं घेऊन आल्या. "तूच दिली होतीस गं, अंथरायला. त्यात एवढं मोठं शास्त्र होतं तर सांगायचं तरी. मी त्यावर लोणच्याची बरणी ठेवली."

मित्राला मात्र पहिल्या संध्याकाळी हे पटलं नव्हतं. "आई, मी कुठल्या पायरीवर बसले ते तू जगाला वाचायला देणार?"

"नाव नाही घालत म्हणतात."

"नावाचं नाही गं. मला वाटायचं तू फक्त मोजतेस. तू लिहून ठेवतेस हे मला कुठे ठाऊक होतं?"

"मग काय लक्षात राहणार होतं मला? डब्याचे खाडे तरी राहतात का?"

मित्रा हसली नाही. पण रविवारी दुपारी तिने दप्तरातून आलेखाचा कागद काढला, ट्रंकेतलं एक वर्ष पुढ्यात घेतलं आणि एकेक आकडा ठिपक्याने मांडू लागली. दोन तासांनी तिने कागद आईपुढे धरला. रेघ वर जायची, पंधरा-वीस दिवस वरच चालायची, मग कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. करवतीचे दात.

"बघ, एकविसाव्या दिवसापासून कोसळते. दर महिन्याला. आई, असा सलग डेटा कोणाकडे नसतो गं. सव्वीस वर्षांचा."

"डेटा काय, पोळ्या लाटत होते मी." सुंदराबाई असं म्हणाल्या खऱ्या, पण तो कागद त्यांनी मांडणीत अंथरायला घेतला नाही. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टाचणीने लावला. तिथे ती रेघ त्या येता-जाता बघायच्या.

दुसऱ्या आठवड्यात अनुजा हॉस्पिटलच्या फाइलीतल्या पानांच्या नकला घेऊन आली. चटईवर एका बाजूला त्या नकला, दुसऱ्या बाजूला कॅलेंडरं. तारखेसमोर तारीख लावायला तिघी बसल्या. कॅलेंडरवर, रक्ताच्या आदल्या दिवशी: ९, बसली. फाइलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी: तक्रार नाही. कॅलेंडरवर: ९, दोनदा बसली, कंबर. फाइलीत: तक्रार नाही. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. वर्षांमागून वर्षं डॉक्टर बदलले, अक्षरं बदलली, पण ते दोन शब्द हलले नाहीत.

"तू असं का सांगायचीस गं?" अनुजाने विचारलं.

उत्तर सुंदराबाईंना माहीत होतं. मित्रा पाच-सहा वर्षांची असताना बाकावर बसवून त्यांनीच तिला पढवलं होतं, डॉक्टरांपुढे कुरकुर करायची नाही. मागे रांग केवढी असते. 'कशी आहेस' विचारलं की 'बरी आहे' म्हणायचं आणि गुमान हात पुढे करायचा. वॉर्डातल्या नर्सबाई कौतुक करायच्या, किती गुणी पोर, एक शब्द नाही तोंडातून. सुंदराबाईंना त्याचा केवढा अभिमान. आपल्या वस्तीतली पोर, रडकी म्हणून कोणी नाव ठेवायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मी शिकवलं तिला तसं," त्या म्हणाल्या. "घरी खरं लिहीत होते आणि तिथे तिला खोटं बोलायला लावत होते. तक्रार नाही, हे माझं आहे, डॉक्टर. पोरीचं नाही."

"मावशी, सगळ्याच आया तसं शिकवतात. म्हणून तर सगळ्या फाइली सारख्या दिसतात."

"मग आया शिकवतात तसं बदलायलाही शिकतील."

आणि त्या कामाला लागल्या. अनुजाच्या अभ्यासात एकेचाळीस घरं होती. मित्राच्या रक्ताच्या दिवशी सुंदराबाई वॉर्डात जायच्या, एकेका आईशेजारी बसायच्या आणि हॉस्पिटलची बाई जे चार पानी कागदावरून समजावून दमली होती ते दोन वाक्यांत सांगायच्या. "तुझं पोर जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतं, ते रोज कॅलेंडरवर लिही. थोडं कमी-जास्त झालं तर चालेल, पण मनाने लिहू नको."

"मावशी, आम्ही शिवडीला तळमजल्यावर राहतो," अक्षता नावाची एक तरुण आई म्हणाली. "पायऱ्याच नाहीत."

"शाळेला जाताना पूल लागतो ना? तो मोज."

"आमच्याकडे लिफ्ट आहे," दुसरी म्हणाली.

"बंद नसते कधी?"

"असते की. महिन्यातून वीस दिवस."

"झालं तर मग."

मोठ्या पेशंटांनाही त्या सोडत नसत. 'बरा आहे' कानावर आलं की लांबून म्हणायच्या, "बरा आहेस ते दिसतंय रे बाबा. थांबलास कुठे ते सांग." मित्रा शेजारच्या खाटेवर, हातात सुई, दुसऱ्या हाताने नववीच्या वह्या तपासत आईची ही मास्तरकी ऐकायची. पूर्वी ती लाजायची. आता नवीन पेशंट विचारायचा, "त्या मावशी कोण?" तर सांगायची, "माझी आई. जिन्याच्या अभ्यासातली."

जूनपासून मार्चपर्यंत अभ्यास चालला. अनुजा शब्दाला जागली. जे निघालं ते मोठ्या डॉक्टरांना दाखवायच्या आधी सकाळी साडेसातला येऊन, याच चटईवर बसून सांगून गेली. त्या वेळी तिने दार वाजवलं नाही. एकेचाळीसपैकी तिसाहून जास्त जणांची रेघ ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधीच कोसळत होती. काहींची मात्र शेवटपर्यंत वरच राही. म्हणजे सगळ्यांना एकच तारीख लावण्यात काही अर्थ नव्हता. आणि वेळेआधी थोडं थोडं रक्त दिलं तर वर्षाचं एकूण रक्त फारसं वाढत नाही, त्यामुळे लोखंडही फार वाढायचं नाही, असा तिचा अंदाज होता.

"मग आता बदलणार तारखा?"

"कमिटीपुढे जाईल मावशी. आणखी तपासून बघतील. रक्ताचा साठा, खाटा, सगळं बघावं लागतं. वर्षभर तरी जाईल."

सुंदराबाईंनी भिंतीकडे पाहिलं. एप्रिल लागला होता. जूनला दोन महिने.

महिनाअखेरीस हॉस्पिटलच्या सभागृहात अनुजाने तो अभ्यास मांडला. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. पुढच्या रांगेत अभ्यासातली कुटुंबं बसवली होती. सुंदराबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या होत्या. भिवाभाऊंनी शर्टाला कडक इस्त्री केली होती आणि सुरकुती पडू नये म्हणून ते पाठ न टेकता बसले होते.

पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते एका कॅलेंडरच्या पानाचं. कोपऱ्यांत आकडे, मध्ये एक लाल ठिपका, आणि वर तेलाचा भला मोठा डाग. सभागृहात हसू पसरलं. "हा डाग हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याचा आहे," अनुजा म्हणाली. "आमच्याकडे यंत्रं होती, पण हा आकडा नव्हता. हा सातवी शिकलेल्या एका बाईंनी सव्वीस वर्षं पोळ्या लाटता लाटता मोजला." हसू थांबलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह वाजवू लागलं. भिवाभाऊ इस्त्री विसरून मागे टेकले.

बत्तीस वर्षं खाटेवरून हॉस्पिटल पाहिलेली मित्रा त्या दिवशी मंचावर उभी होती. तिचा आलेख तिनेच समजावला, वर्गात समजावते तसा, मध्येच थांबून "मागे दिसतंय का?" असं विचारत. मोठमोठ्या डॉक्टरांनी दिसतंय म्हणून माना हलवल्या. सुंदराबाईंनी पदर तोंडाशी धरला.

शेवटी विभागाचे मोठे सर उठले. त्यांनी सुंदराबाईंना मंचावर बोलावलं, शाल दिली, तुळशीएवढं कुंडीतलं एक झाड दिलं. म्हणाले, "पेपर छापून येईल तेव्हा तुमचं नाव आभारात घालायची माझी इच्छा आहे. संघमित्रा आणि तुम्ही, दोघींची हरकत नसेल तर. आणि आमच्याकडून तुम्हाला आणखी काही हवं असेल तर संकोच करू नका. बोला."

मित्राने माइक आईच्या उंचीला करून दिला. सुंदराबाईंनी झाड तिच्या हातात दिलं. समोर एवढी माणसं.

"जय भीम, नमस्कार. नावाचं ती म्हणेल तसं करा. सगळ्या पोरांच्या तारखांचं तुमची कमिटी ठरवेल, नीट बघून ठरवा, घाई करू नका. माझ्या पोरीची मात्र सव्वीस वर्षं मोजून झालीत, त्यात आणखी बघायचं काही राहिलं नाही. जूनमध्ये तिचा नववीचा वर्ग सुरू होतोय. सर, तिची पुढची तारीख एकविसाव्या दिवसाची लिहून द्या."